मास्तरांच्या गाडीतला वारा

गोव्यात गाडीला हीटर कशाला, हा प्रश्न लोकांनी मास्तरांना आयुष्यभर विचारला. डिचोलीत विचारला, पेडण्यात विचारला, म्हापशाच्या बाजारात गाडी लावताना परक्या माणसांनी काचेतून डोकावून विचारला. मास्तर प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. एकाला म्हणत, "गाडी विलायतेची, तिका थंडी लागता." दुसऱ्याला म्हणत, "पावसात कपडे सुकवूक." खरं उत्तर त्यांनी मलाही कधी सरळ दिलं नाही. ते मला वयनींच्या खोकल्यावरून हळूहळू कळलं.

मास्तर म्हणजे माझे गाण्याचे मास्तर, आणि वयनी म्हणजे त्यांची बायको. मास्तर मूळचे पेडण्याचे, लग्नानंतर डिचोलीत स्थायिक झालेले. जत्रांतल्या संगीत नाटकांना पेटीची साथ करण्यात त्यांची उमर गेली. मी सावंतवाडीहून डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला आले तेव्हा खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गाणं शिकायला जाऊ लागले. शिकवताना ते स्वच्छ, भारदस्त मराठी बोलत. रंगमंचावरच्या राजांना साथ करून करून त्यांच्या भाषेलाही मुकुट चढला होता. पण शिकवणी संपून ते मागच्या मांगराकडे, म्हणजे परसातल्या छपराकडे वळले, की मुकुट उतरायचा आणि पेडण्याची बोली सुरू व्हायची. त्या मांगरात गाडी उभी असे.

गाडी पोर्तुगीज काळातली. डिचोलीच्या एका व्यापाऱ्याने ती वास्कोच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरवून घेतली होती. गडद हिरवी, पाठीला बाक आलेल्या म्हातारीसारखी. व्यापारी नाटकवेडा होता. त्याच्या पश्चात मुलांनी गाडी मास्तरांना दिली, बापाची आठवण म्हणून आणि अंगणातली अडगळ कमी व्हावी म्हणूनही. थंड देशासाठी बनवलेली असल्यामुळे तिच्या पुढच्या फळीखाली हीटरची काळी पेटी होती. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातून फिरायचं, मागून एक छोटा पंखा वारा ढकलायचा आणि तो काचेवर, पायांवर, तोंडावर यायचा. निदान यायला हवा होता. व्यापाऱ्याने पहिल्याच उन्हाळ्यात गरम पाण्याची नळी बंद करून टाकली होती, आणि तेव्हापासून त्या पेटीत उंदीर सोडून कुणी शिरलं नव्हतं.

मास्तरांना मी गाडीपाशी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पूजा चालली आहे. सगळ्या काचा वर, आत मास्तर एकटे, हातात पेटलेली अगरबत्ती, आणि ती ते फळीच्या कडेकडेने अगदी सावकाश फिरवताहेत. मी खिडकीवर टकटक केलं.

"बाय, भितर ये. बेगीन. जनेल उघडू नको." गाडीच्या काचेलाही ते जनेलच म्हणत. मी आत बसले. "आता पळय, धूर खंय वता."

मी बघितलं, धूर वर न जाता फळीच्या एका फटीत ओढला जात होता. मास्तरांचा चेहरा खुलला. "चोर गावलो!"

वारा चोरीला जातो, हा त्यांचा ठाम सिद्धांत होता. गाण्याच्या पेटीचा भाता कुठे गळत असेल तर ते गाल पाण्याने ओला करून जवळ नेत. ओल्या गालाला बारीकशी फुंकरही कळते. गाडीचंही ते तसंच करत. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं ते असं की एक पोक्त गृहस्थ गाल ओला करून गाडीच्या प्रत्येक सांध्याला गाल लावतो आहे. आळीतल्या बायका वयनींना चिडवत, "तुमच्या सवतीचे लाड चल्ल्यात." वयनी हसायच्या, आणि हसता हसता खोकायच्या. खोकला सुरू झाला की मास्तर जिथे असतील तिथे थांबत. बोटं पट्ट्यांवर तशीच. तो थांबेपर्यंत पुढचा सूर वाजत नसे.

पंखा पहिल्यांदा जोरात चालवला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मी खळ केलेली पांढरी साडी नेसले होते, आणि मास्तरांनी मला गाडीने सोडतो म्हटलं. मांगरातच ते म्हणाले, "बाय, आज वारो येतलो." त्यांनी बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग आतून खरखर, मग एक ठसका, आणि मग समोरच्या भोकातून कित्येक वर्षांचा ऐवज माझ्या अंगावर आला. सुकलेली पानं, उंदरांनी साठवलेल्या काजूबियांची टरफलं, झुरळांचे पंख, आणि सगळ्यावर लाल धूळ. मी किंचाळले. मास्तर मात्र डोळे मिटून बसले होते, तोंडावर वारा घेत. "आयलो," एवढंच म्हणाले. वयनींनी मला त्यांची साडी नेसवून शाळेत पाठवलं. साडी नेसवताना त्या म्हणाल्या, "तुका तरी साडी बदलूक मेळली. माजी छाती कोण बदलतलो?" मला तेव्हा ते विनोदाने म्हटलेलं वाटलं.

ती लाल धूळ साधी नव्हती. मी डिचोलीत आले ते खाणींचे भराचे दिवस होते. मास्तरांच्या दारावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात. अंगणातली तुळस, वाळत घातलेले कपडे, पेटीच्या पट्ट्या, सगळ्यावर तांबूस थर बसे. मास्तर ट्रकांविरुद्ध वावगा शब्द काढत नसत. त्यांच्या निम्म्या शिष्यांचे बाप ट्रक चालवणारे किंवा मालक होते. पेढे आले तर त्यांच्याकडून येत. पण वयनी एके काळी गायच्या, हे मला आळीतल्या एका बाईकडून कळलं. हरमलच्या देवळात वयनी आणि त्यांची थोरली बहीण मिळून भजनं म्हणत, आणि त्यांना साथ करायला म्हणून तरुण मास्तर पेडण्याहून चालत जात. लग्न त्यातूनच जुळलं. डिचोलीत आल्यावर काही वर्षांनी छाती धरू लागली. आधी वरचे सूर गेले, मग दम गेला, मग वयनींनी गाण्याचं नावच टाकलं.

आणि एकदा त्या गाडीतच ते घडलं. मी नव्हते त्या वेळी. मास्तरांनी पुढे कधीतरी तुटक तुटक सांगितलं. दोघं हरमलला निघाली होती. अस्नोड्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. धूळ येऊ नये म्हणून काचा वर केल्या, तर आत जीव गुदमरायला लागला. वयनींनी घाबरून काच उघडली आणि धुळीचा लोट सरळ तोंडावर आला. श्वास लागला तो थांबेना. मास्तरांनी त्यांना उचलून कडेच्या एका चहाच्या हॉटेलात बाकड्यावर निजवलं. जीव परत आल्यावर त्या बोलल्या ते असं: "हे गाडयेत मी परत बसूची ना."

त्या बसल्याही नाहीत. बसचा प्रवास तर त्यांना त्याहून सोसत नसे. त्यामुळे माहेर तुटलं. हरमल काही परदेशात नव्हतं, पण वयनींसाठी ते तितकंच लांब गेलं. बहीण फोनवर बोलायची. वयनी खोकला दाबून 'हं, हं' करायच्या.

मास्तरांनी गाडी मनावर घेतली ती तेव्हापासून. त्यांना हवी होती अशी गाडी, की काचा बंद असाव्यात, आत धुळीचा कण येऊ नये, आणि तरी छातीभर वारा मिळावा. नवी, एसीवाली गाडी का नको, असं मी एकदा विचारलं. वयनींच्या भाच्याने एकदा त्यांना तसल्या गाडीत बसवलं होतं. तो गार झोत छातीवर बसून वयनी दोन दिवस अंथरुणाला खिळल्या. शिवाय मास्तरांचं स्वतःचंही एक मत होतं. "आपणेच सोडलेलो वारो आपणेच परत घेवचो? छे!"

मग एकेक सुरू झालं. पंख्यापासून भोकांपर्यंत जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. त्या जागी मास्तरांनी तारेच्या वेटोळ्यांवर मेणकापड शिवून नव्या नळ्या केल्या. आतल्या झडपांच्या कडा भुगा होऊन गळल्या होत्या. तिथे पेटीला लावतात तसलं मऊ चामडं डकवलं. गार वारा वयनींच्या छातीला चालत नाही म्हणून हीटरही हवा होता, पण त्याच्या आत गंज आणि चुना साचून पाणी फिरेनासं झालं होतं, तेव्हा त्यांनी घरातली वर्षाची कोकमाची सोलं भिजवून त्यांचं आंबट पाणी आत भरून ठेवलं. वयनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माणसांक कढयेक सोलां नात, आणि गाडी कढी पिता!" चार दिवसांनी इंजिन चालू करून पाणी सोडलं तेव्हा काळा गाळ बाहेर आला आणि पाठोपाठ एक नळी फुटून मास्तरांच्या पायावर ऊन पाणी पडलं. पुढचे दोन रविवार ते एक पाय पाटावर ठेवून शिकवत होते.

सगळ्यात जास्त हाल वाऱ्याच्या तोंडाशी लावलेल्या कापडाचे झाले. काचेच्या पुढे जिथून बाहेरचा वारा आत शिरतो तिथे त्यांनी धोतराचं पातळ कापड ताणून बसवलं. धूळ अडली, पण वाराही अडला. मोठा पंखा लावला तर वायर जळून मांगरात धूर झाला. मास्तरांनी महिनाभर मांगर उघडला नाही. मग एका रविवारी, मी भूपाळी घोळवत असताना, त्यांचा डावा हात भात्यावर तसाच थांबला. ते भात्याच्या घड्यांकडे बघत होते. "घडयो!" ते ओरडले, आणि मला आलापाच्या मध्यावर सोडून मांगराकडे धावले. ताणलेल्या एका थराऐवजी त्यांनी तेच कापड घड्या घालून, लांबच लांब, त्याच जागेत बसवलं. कापड वाढलं तसा वारा वाढला.

तरीही काचा बंद केल्यावर वारा मंदच. ह्याचं उत्तर मिळायला आणखी एक पावसाळा गेला. माझं गाणं त्या दिवसांत एका जागी अडलं होतं. मी श्वास भरभरून घ्यायची आणि ओळ निम्म्यात तुटायची. मास्तर वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही श्वास घेण्याची इतकी चिंता का करता? आधीचा सोडा. सोडला की पुढचा आपण होऊन येतो." म्हणाले आणि स्वतःच चमकले. आत वारा येणार कुठून, आतल्याला जायला वाटच नव्हती! त्यांनी मागच्या सीटच्या पाठीमागे दोन भोकं पाडली आणि त्यांवर चामड्याच्या पापण्या लावल्या. आतून रेटा आला की पापणी उघडते, थांबला की मिटते, बाहेरची धूळ आत येत नाही. त्या दिवशी मी मागे बसून पापणीपाशी हात धरला होता. पंखा सुरू झाला आणि पापणी हलली, झोपेत कुणी डोळा किलकिला करावा तशी. मास्तर पुढून विचारत होते, "हालता? बाय, हालता मगो?"

एवढं होईपर्यंत खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले. दारावरची धूळ पहिल्याच पावसात धुऊन गेली आणि पुन्हा आली नाही. आळीत मात्र अवकळा आली. ट्रक माळावर गंजत उभे राहिले, शिष्य कमी झाले, काही घरं कामासाठी दुसरीकडे गेली. लोक मास्तरांना म्हणू लागले, आता कशाला ते कापड धुता, धूळ गेली ना? मास्तर रविवारी कापड धूतच राहिले. वयनींच्या छातीतली धूळ कुठे गेली होती?

वयनी गाडीत बसल्या त्या बहिणीसाठी. बहीण पडली, कंबर मोडली, आणि अंथरुणावरून एकच घोकू लागली, "तिका हाडा," तिला आणा. जानेवारीतली सकाळ होती. मला वयनींनी बोलावून घेतलं, सोबत म्हणून. अंगणात येऊन त्यांनी गाडीकडे बराच वेळ बघितलं, मग मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "गाडी काडा तर."

कोलवाळच्या पुलापर्यंत सगळं सुरळीत गेलं. मास्तर गाडी चालवत होते की पूजा करत होते, सांगता येत नाही. पुढे धारगळला हायवे रुंद करण्याचं काम चाललं होतं. डोंगर फोडलेला, मातीचे टिपर, आणि आमच्या पुढे वाहनांची न हलणारी रांग. बाहेर बघता बघता लाल झालं. समोरच्या बसचा मागचा भाग दिसेनासा झाला. वयनींचा हात काचेच्या मुठीवर गेला.

"उघडू नको गो," मास्तर म्हणाले. इतक्या हळू, की मला ते पंख्याच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

हात मुठीवर तसाच राहिला. मग मास्तरांनी समोरच्या काट्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. उभ्या उभ्या इंजिन तापत होतं. बंद करावं तर बॅटरी जुनी, पंखा किती वेळ चालणार? चालू ठेवावं तर पाणी उकळणार. मास्तरांनी एक क्षण डोळे मिटले आणि हीटरची कळ पूर्ण ओढली. इंजिनाची उष्णता सरळ आमच्या अंगावर. काटा खाली येऊ लागला आणि आम्ही भट्टीत गेलो. मास्तरांच्या टोपीतून घाम ठिबकत होता. माझा पदर ओला. वयनींच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं. बाहेर धुळीचा लोट काचेवर आपटत होता आणि आत एक कणही नव्हता.

वयनींनी पदराने तोंड पुसलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इतकीं वर्सां खपून तुमी माका उकडूक हाडली?"

आणि त्या हसल्या. पोट धरून हसल्या. मी श्वास रोखून खोकल्याची वाट बघत होते. मास्तरही बघत होते. त्यांचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते. हसणं संपलं. खोकला आला नाही. वयनींनी काचेच्या मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मास्तरांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि ते बराच वेळ पुसतच राहिले.

हरमलला पोचलो तेव्हा आम्ही तिघंही नुकती आंघोळ करून आल्यासारखे होतो. वयनी बहिणीच्या खाटेच्या कडेला बसल्या आणि एकमेकींचे हात धरून दोघी तशाच राहिल्या. मी आणि मास्तर पडवीत चहात पाव बुडवून खात बसलो. मास्तरांच्या हातातला पाव चहात विरघळून गेला तरी त्यांना कळलं नाही.

ठरलं होतं चार दिवसांचं. पण समुद्राच्या हवेत वयनींचा श्वास मोकळा झाला. आठवड्याने त्या न थांबता पायऱ्या चढू लागल्या. डॉक्टर म्हणाले, इथेच ठेवा ह्यांना. बहिणीलाही माणूस हवं होतं. वयनींनी मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरच म्हणाले, "राव. हांगाच राव."

ते परत आले ते एकटे. स्वतः तिथे राहायचा प्रयत्न त्यांनी केला, नाही असं नाही. पण बहिणीच्या घरातल्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या, बाजूच्या शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या हॉटेलात, संध्याकाळपासून धडधड सुरू. मास्तर म्हणाले, "ढोल वाजता, पण सम खंय ताचो पत्तो ना." शिवाय डिचोलीच्या देवळातली पेटीची सेवा त्यांच्याकडे, उरलेले शिष्य त्यांच्याकडे. तेव्हा ते दर शनिवारी हरमलला जात आणि रविवारी परत येत. आमची शिकवणी बुधवारवर गेली. घरात शिरलं की स्वयंपाकघराच्या दाराकडे माझी नजर जायची, मग मास्तरांचीही. शिकवता शिकवता ते मध्येच थांबत, पट्ट्यांवर बोटं तशीच. घरात कुणी खोकत नव्हतं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "मास्तर, गाडी इतकी चांगली केलीत म्हणून वयनी तिकडे राहिल्या." बोलून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. ते मांगरात बसून कापड शिवत होते. दोरा दातांनी तोडून म्हणाले, "मग? ती श्वास घेता मगो?" आणि पुढची घडी घालू लागले.

मास्तरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. ताप आला, अंगावर काढला, आणि शनिवारी निघायचं म्हणून शुक्रवारी गाडी पुसून ठेवली होती ती तशीच राहिली. मी आता पर्वरीला राहते, एसीच्या गाडीतून कामावर जाते. काचा बंद असतात. कुठल्या वळणावर काजूचे बोंडू पडलेत, कुठे भात कापलंय, खाडी कुठे सुरू झाली, काही कळत नाही. मास्तरांच्या गाडीत डोळे मिटूनही कळायचं.

त्यांच्या पेटीपेक्षाही मला आठवतो तो एक शनिवार. मी हरमलला वयनींना भेटायला गेले होते, तेव्हा मास्तर आलेले होते. दुपार कलली होती. चहा झाला आणि मास्तर उठून गाडीकडे गेले. वयनीही केस सारखे करून निघाल्या. बहीण मला म्हणाली, "दर शेनवारा हेंच. म्हातारीं फेरयेक वतात." गाव हसतं म्हणाली, समोर एवढा समुद्राचा वारा आणि हे दोघं काचा लावून फिरतात.

मी गाडीपाशी जाऊन मास्तरांना विचारलं, आता तरी काचा उघडा की.

"जनेल उघडलां जाल्यार," ते म्हणाले, "आपलो वारो खंयचो आणि दर्याचो खंयचो, कळात कशें?"

वयनी पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनी स्वतःच काच वर केली, आणि समोरच्या भोकावर तळहात धरून नवऱ्याला काहीतरी सांगू लागल्या. काचेमागे ते ऐकू येत नव्हतं. फक्त त्या सारख्या बोलत होत्या आणि मास्तर मान हलवत होते, एवढं दिसत होतं. गाडी मांद्र्याच्या वळणाकडे गेली. मी आणि बहीण पडवीत बसलो. नेहमी अर्ध्या तासात येतात म्हणाली. ऊन उतरलं, शॅकांमधले दिवे लागले, पर्यटकांच्या स्कूटर घराकडे वळल्या. बहिणीने एकदा ताटं मांडली, मग झाकून ठेवली.

"येवं दी," ती म्हणाली. "घाई कित्याक?"